आमची वाटचाल : मशीद बंदरच्या गोदामांपासून स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांपर्यंत

भांडुपच्या आमच्या छोट्या कारखान्यात चिकट सापळे बनतात. सुरुवात मशीद बंदरच्या गोदामांसाठी माश्या-उंदरांचे चिकट पुठ्ठे करण्यापासून झाली. पुढे वाशीच्या फळबाजारातल्या व्यापाऱ्यांमार्फत महाबळेश्वर, पाचगणी, वाईचे बागायतदार जोडले गेले. आता हिवाळ्यातलं बहुतेक काम स्ट्रॉबेरीचंच.

गोदामाचा गोंद बागेत चालत नाही. वेण्णा तलावाकडे कडाक्याच्या थंडीत पहाटे दव गोठतं तेव्हा तो घट्ट होतो, मार्चच्या उन्हात ओघळतो. म्हणून आम्ही न सुकणारा पॉलिब्युटीनचा गोंद वापरतो आणि थर पातळ ठेवतो. जाड थराची मागणी पुष्कळ येते, पण तो उन्हात खाली सरकतो आणि कार्डाचा वरचा भाग कोरडा पडतो.

माव्यासाठी पिवळं कार्ड, फुलकिड्यांसाठी निळं. अंदाज घ्यायला एकरी १० ते १२ पुरतात. खरी गफलत उंचीत होते. कापसाच्या सवयीने कार्ड कमरेइतकं वर बांधलं जातं. स्ट्रॉबेरीचं रोप वीतभराचं, त्यामुळे कार्डाची खालची कड शेंड्यापासून १० ते १५ सेंमीवरच हवी. दर आठवड्याला ठरलेल्या वारी किडे मोजून लिहून ठेवा. आकडा चढतोय की उतरतोय, यावर फवारणीचा निर्णय घ्या. धूळ बसलेलं कार्ड लगेच बदला. सोबत थोडी फुलं पांढऱ्या कागदावर झटका. जेमतेम १ मिमीचे, पिवळसर-तपकिरी फुलकिडे पळताना दिसतात. यांनीच फळ तांबूस आणि खरखरीत होतं.

मात्र निळ्या रंगाकडे मधमाश्याही येतात. त्या कमी झाल्या की परागीभवन अर्धवट राहून फळं वेडीवाकडी होतात. त्यामुळे मधमाश्यांच्या पेट्यांजवळ निळं कार्ड लावू नका असं आम्ही स्पष्ट सांगतो, विक्री घटली तरी चालेल.

लाल कोळी सापळ्यात सापडत नाही. तो कीटक नव्हे, त्याला पंखही नाहीत. प्रत्येक खोक्यात आम्ही १० पट मोठं दाखवणारं भिंग देतो ते याचसाठी: जुन्या पानांची खालची बाजू तपासा, फेब्रुवारीपासून तर नक्कीच. कोरडी हवा आणि रस्त्याकडची धूळ त्याला मानवते. घाईने पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं तर त्याला खाणारे मित्रकोळी आधी मरतात आणि प्रादुर्भाव उलट भडकतो.

हल्ली आम्ही रोपवाटिकांसाठी प्रकाश सापळेही करतो, हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे पकडायला. पहिल्या जोरदार पावसानंतर तिन्हीसांजेला ते जमिनीतून बाहेर येतात आणि कडुनिंब, बाभळीवर जमतात. दिव्याखालच्या घमेल्यात पाणी आणि थोडं रॉकेल ठेवा. सापळा वाफ्यांमध्ये लावू नका, बांधाबाहेर झाडांजवळ लावा. नाहीतर उजेडाकडे आलेल्या आणि न सापडलेल्या माद्या वाफ्यातच अंडी घालतात.