जेबेल अलीला अडकलेला कंटेनर

जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्याचा कंटेनर दुबईच्या जेबेल अली बंदरात अडकला आणि मालक तडक माझ्या ऑफिसात आले. मालावरचं नाव तिथल्या एका कंपनीने नोंदवलेलं, तिनेच कस्टमकडे तक्रार केलेली, म्हणून हा माल बनावट! आणि ती कंपनी त्यांच्याच जुन्या डीलरची. "ताई, नाव मन्हं, माल मन्हा, आन् चोर बी मीच?"

भारतातली त्यांची नोंदणी पक्की होती, चटया-गालिच्यांच्या २७व्या वर्गात. पण ट्रेडमार्कचा हक्क देशाच्या हद्दीपुरताच. आपल्याकडे १९९९च्या कायद्याचं कलम ३४ आधीपासून नाव वापरणाऱ्याला सांभाळून घेतं. अमिरातीत आधी नोंदवणाऱ्याचं पारडं जड. आपल्या भागातून डाळ जाते, केळी जाते, चटई जाते. पॅकिंगवर पैसा ओततात आणि नाव मात्र उघड्यावर राहतं. याची मला खरोखर चीड येते.

तिकडे डेमरेज, म्हणजे बंदरात कंटेनर अडकून पडल्याचं भाडं-दंड, चढत होतं. आधार होता ट्रेडमार्कसारख्या हक्कांबाबतच्या आंतरराष्ट्रीय पॅरिस कराराचा (हवामानाचा तो वेगळा), त्यात भारतही आहे आणि अमिरातही. त्याचं कलम '६ सेप्टिस' सांगतं की एजंटाने मालकाच्या संमतीशिवाय त्याचा मार्क स्वतःच्या नावे नोंदवला, तर मालक ती नोंदणी रद्द करून मागू शकतो. खरी अडचण 'एजंट' या शब्दापाशी होती. नुसता माल विकत घेणारा एजंट ठरेलच असं नाही, आणि इथे लेखी करार नव्हता. सगळा व्यवहार शब्दावर.

मग त्या दिवशी ऑफिसच्या टेबलावर जुनी शिपिंग बिलं, प्रोफॉर्मा, लेबलांचे प्रूफ यांचा ढीग लागला. एक्स्पोर्टचं काम त्यांच्या सूनबाई बघतात. संध्याकाळी त्यांना जुन्या मेलमध्ये डीलरचंच वाक्य सापडलं: इथला तुमचा एकमेव वितरक मी आहे, तुमच्या ब्रँडची लेबलं जास्त पाठवा. मेलची तारीख त्याच्या नोंदणीच्या बरीच आधीची. सासऱ्यांनी तो मेल मोठ्याने दोनदा वाचून घेतला.

दुबईच्या वकिलामार्फत नोटीस गेली. डीलरने तक्रार मागे घेतली, पुढे नोंदणीही कारखान्याच्या नावे करून दिली. डेमरेज मात्र मालकांनाच भरावं लागलं.

त्यानंतर आम्ही मॅड्रिड प्रोटोकॉलखाली, म्हणजे अनेक देशांत एकाच अर्जाने नाव नोंदवायच्या कराराखाली, अर्ज केला. भारत त्यात २०१३पासून आहे. आपल्याच ट्रेडमार्क कार्यालयामार्फत एक अर्ज जिनिव्हाला, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातो, त्यात हवे ते सदस्य देश निवडता येतात. मंजुरी मात्र प्रत्येक देश आपापल्या कायद्याने देतो. पहिली पाच वर्षं हे सगळं मूळ भारतीय नोंदणीवर उभं असतं, म्हणून तिचं नूतनीकरण चुकवायचं नाही, हे मी सूनबाईंना लिहूनच दिलं. ओमान आणि केनिया ही नावं मालकांनी स्वतः सुचवली. तिथे त्यांची एकही चटई अजून गेलेली नाही.