बिन मेट्रोपोलचं, शिव्या मेयरला

फ्रान्समध्ये ल्यों शहराला लागून असलेल्या विलर्बानला राहायला आलो तेव्हा पहिले काही महिने मी सगळ्यांना ल्योंमध्ये राहतो असंच सांगायचो. बेलकूरहून मेट्रोची ए लाईन पकडायची आणि ग्रात-सिएलला उतरायचं, मधे शहर कधी संपलं कळतच नाही. मग कचऱ्याच्या बिनचं झाकण तुटलं म्हणून मेरीत, म्हणजे आमच्या नगरपालिकेत, चौकशीला गेलो तर काउंटरवरच्या बाई हसून म्हणाल्या, मस्यू, बिन आमचं नाही, मेट्रोपोलचं.

तर ही मेट्रोपोल म्हणजे ल्यों आणि आजूबाजूची मिळून 58 गावं (आधी 59 होती, 2024 मध्ये उलां आणि पिएर-बेनित एकत्र आली), लोकसंख्या साधारण 14 लाख. कचरा, रस्ते, पाणी सगळं तिच्याकडे. पण खरी गंमत पुढे आहे. 1 जानेवारी 2015 पासून एवढ्या भागापुरतं रोन डिपार्टमेंटचं, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेचं, कामही हिनेच घेतलं. ल्योंचे समाजवादी मेयर जेरार कोलों आणि डिपार्टमेंटचे मध्यममार्गी अध्यक्ष मिशेल मेर्सिए यांनी आपसात ठरवलं आणि हे जमवलं, म्हणजे बघा, एका नेत्याने स्वतःच्या हद्दीतला सगळ्यात श्रीमंत तुकडा आपणहून सोडला! त्यामुळे आता गरिबांना मिळणारा आरएसए भत्ताही मेट्रोपोलच देते. शाळांचं तर विचारूच नका, प्राथमिक मेरीकडे, कोलेज (म्हणजे साधारण सहावी ते नववी, आपलं कॉलेज नव्हे) मेट्रोपोलकडे आणि लिसे (त्यापुढच्या वर्गांची शाळा) रीजनकडे, म्हणजे प्रांताकडे.

2020 पर्यंत प्रत्येक गावाचा निदान एक तरी माणूस मेट्रोपोलच्या काउन्सिलवर असायचा. तेव्हापासून 14 मतदारसंघांतून 150 जण थेट निवडून येतात, मार्से किंवा लिल या दुसऱ्या फ्रेंच शहरांच्या मेट्रोपोलमध्ये असं वेगळं मतदान नसतं. एका दृष्टीने बरंच झालं, पण मतदारसंघ बहुतेक गावांपेक्षा मोठे, त्यामुळे काही छोट्या गावांचे मेयरच काउन्सिलवर नाहीत आणि ते यावरून जाम चिडलेत. मला त्यांचं पटतं. दारातला रस्ता उकरला की लोक मेयरलाच धरतात, त्याचं ऑफिस चौकात असतं ना, ल्योंमधल्या पार्द्यू भागाजवळच्या र्यू द्यु लाक रस्त्यावर मेट्रोपोलच्या ऑफिसात भांडायला कोण जाणार?

मी तरी नाही गेलो. बाईंनी चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला होता, तोच लावला.