पन्नासाचा सूर

भर दुपारी पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाने निथळत लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाबद्दल घरचे लोक काय म्हणत असतील, याचा विचार मी सोडून दिला आहे. काकांनी मस्कतहून कायमचे परतताना आणलेला बुटांचा एक खोका गेला महिनाभर माझ्या टेबलावर आहे. त्यात अकरा कॅसेटी आहेत. 1982 ते 1986 या काळात आजोबांनी कऱ्हाडहून काकांना लिहिण्याऐवजी बोलून पाठवलेली ही पत्रे. 'एवढी मोबाइलवर घालून दे,' असे काका म्हणाले ते 'येताना कोथिंबीर आण' म्हणावे अशा सहजतेने, आणि मीही कोथिंबीर आणण्याइतकेच ते सोपे समजून होकार दिला.

पहिल्या दिवशी वॉकमनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या भोकात घातली, ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरचे लाल बटण दाबले आणि अर्धा तास शांत बसलो. या कामात घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू उतरवायला अर्धा तास म्हणजे अर्धा तासच लागतो. नंतर ऐकले तर त्यात माझे चहाचे भुरके, कुकरच्या तीन शिट्ट्या आणि आईचा फोन इतके स्पष्ट उतरले होते की अभिनंदनच करावे. आजोबा मात्र नव्हते. हल्लीच्या लॅपटॉपला एकच भोक असते आणि ऐकणे-बोलणे दोन्ही त्यातूनच होते. माझी वायर हेडफोनची आहे असे परस्पर ठरवून त्याने पोटातला माइक चालू ठेवला होता आणि आजोबा वायरीतल्या वायरीत बोलून गेले होते. काहीशे रुपयांचे यूएसबी साउंड कार्ड आणले तेव्हा कुठे आवाज आत शिरला.

शिरला तो फाटूनच. आवाजाची पट्टी शून्य डेसिबलला लागली की संगणकाकडे त्यापुढे आकडेच नसतात. वरचे शेंडे तो सपाट कापून टाकतो आणि ते नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. आजोबांचा 'भ' आणि 'फ' हे दोन वर्ण तर माइकवर थेट फुंकर मारीत, त्यामुळे 'भाऊबीज' म्हटले की पट्टी तांबडी, 'फणस' म्हटले की तांबडी. शेंडे उणे सहाच्या खाली राहतील इतका आवाज उतरवून सगळे पुन्हा पहिल्यापासून केले.

मग राहिला तो 'घूंऽऽ'. हा आवाज ज्याने घरी काही ध्वनिमुद्रण केले आहे त्याला सांगायला नको. आपल्या भिंतीतली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते आणि संधी मिळेल तिथे गुणगुणते. चार्जर लावलेला असेल तर जास्तच. या आवाजाबद्दल मला एक खुळ आहे, ते सांगतो. आमच्या पेटीवर मी तो सूर शोधला आहे. पेटीच्या आवाक्यापेक्षा तो बराच खाली असला, तरी सप्तके चढवत आणले तर पांढरी पाचच्या, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, किंचित वर बसतो. म्हणजे महाराष्ट्रातले सगळे फ्रिज, ट्यूबलाइट आणि कोपऱ्यावरचे ट्रान्सफॉर्मर मिळून अहोरात्र पांढरी पाचचा, जरा चढा लागलेला, तंबोरा छेडत असतात. मस्कतलाही वीज 50 चीच, त्यामुळे काकांच्या उत्तराच्या कॅसेटीही त्याच सुरात गुणगुणत आल्या असणार. अमेरिकेत ती 60 ची आहे. तो सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधल्या फटीत पडतो, कोणत्याच पट्टीवर नाही. तिकडे राहणाऱ्यांना याचा त्रास कसा होत नाही, हे मला कोडेच आहे.

तर चार्जर काढला. वॉकमन सेलवरच चालत होता, लॅपटॉप बॅटरीवर. भिंतीतल्या विजेचा दोघांशीही संबंध उरला नाही, आणि तरी घूं होताच. अंमळ बारीक झालेला, पण होता. हा आजचा नव्हता. माजघरात पाटावर ठेवलेल्या, वायर भिंतीत खोचलेल्या त्या मोठ्या टेपरेकॉर्डरने आजोबांबरोबर कऱ्हाडची तेव्हाची वीजही टेपवर घेतली होती.

तो टेपरेकॉर्डर मला आठवतो. त्याची दोन बटणे एकदम दाबावी लागत आणि ती दाबण्याचा मान माझा होता. आजोबा ध्वनिमुद्रणाला टोपी घालून बसत. समोर कोणी नाही, फोटो नाही, पण टोपी हवी. सुरुवात ठरलेली असे: 'चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष. इकडील सर्व क्षेम. तुझे क्षेम वरचेवर लिहीत... बोलत जावे.' आजी माइकजवळ यायला तयार नसे. 'त्या डब्याशी काय बोलायचं?' असे ती लांबून म्हणे आणि तेही टेपवर आहे. आजोबांना मात्र डबा हा डबा वाटतच नसे. ते प्रश्न विचारीत आणि थांबत. 'खोलीत उकडत नाही ना?' की शांतता. मग उत्तर मिळाल्यासारखे 'हं' म्हणून पुढचा विषय. आम्ही मुले हसू दाबत तोंडात सदऱ्याची कॉलर धरून बसायचो.

उतरवलेला पहिला भाग आईला ऐकवला. ती म्हणाली, "मामंजींना पडसं झालं होतं का तेव्हा? इतका जड नव्हता त्यांचा आवाज." पडसे वॉकमनला झाले होते, त्याचा पट्टा सैल पडून कॅसेट संथ फिरत होती. किती संथ, हे सांगायला तो घूंच उपयोगी पडला. ऑडॅसिटीत आवाजाचा आलेख काढला, तर 50 वर असायला हवा तो सुळका साडेसत्तेचाळीसवर आणि त्याच्या दुप्पट 95 वर दुसरा. म्हणजे आजोबा जवळजवळ एक पट्टी खाली बोलत होते. वेग पाच टक्के वाढवला. मात्र त्या काळी आपल्याकडची वीज 50 वर कायम कुठे राहत असे? मागणी वाढली की ती खाली घसरे, आणि त्या संध्याकाळी ती नेमकी कितीवर होती, हे टेपलाही ठाऊक नाही. शेवटी आईला शेजारी बसवले आणि तिने 'अजून थोडं, हां, आता बास' असे म्हणत चहात साखर घालावी तसा आजोबांचा आवाज लावून दिला.

टेपची खरखर काढण्यासाठी संगणकाला आधी नुसत्या खरखरीचा नमुना दाखवावा लागतो, जिथे कोणी बोलत नाही असा तुकडा. तो शोधायला लागलेच नाही. 'जेवणाचे हाल होत नाहीत ना?' या प्रश्नानंतर सात सेकंदांची जागा मोकळी होती. तोच नमुना दिला, खरखर बेताने उतरवली. जास्त उतरवली की माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. मग उत्साहाच्या भरात 'ट्रंकेट सायलेन्स' नावाची सोय वापरली. अर्ध्या सेकंदाहून लांब शांतता दिसली की तेवढीच ठेवून बाकीची काप, असे तिला सांगितले. अठ्ठावीस मिनिटांची बाजू एकवीस मिनिटांवर आली. ऐकली. आजोबा एकामागून एक प्रश्न विचारत सुटले होते, कोर्टात उलटतपासणी घ्यावी तसे. मी कंट्रोल-झेड दाबले.

परवा काका आले. फोन कानाशी न धरता त्यांनी तो हातावर सपाट ठेवला, प्रसादासारखा. 'अनेक उत्तम आशीर्वाद' ऐकून हसले. 'जेवणाचे हाल होत नाहीत ना?' असे आजोबांनी विचारले आणि फोन गप्प झाला. दोन सेकंद गेले, तीन गेले. काकांनी पडद्यावर बोट फिरवून पाहिले.

"बंद पडलं का रे हे?"

"नाही काका," मी म्हणालो, "आजोबा थांबलेत."