हजार सोनकिडे आणि एक झगा

लंडनला लेकीकडे गेले की ती माझ्यासाठी बघायच्या ठिकाणांची यादी करून ठेवते. यंदा मी ती वाचलीसुद्धा नाही. "मला केंटमध्ये स्मॉलहाइदला जायचंय," म्हटलं.

"तिथे काय आहे?"

"एक झगा."

लेक गप्प झाली. पण वीस-बावीस वर्षं हौशी नाटकांचा कपडेपट सांभाळलेल्या बाईला दुसरं काय बघायचं असणार? राज्य नाट्य स्पर्धेच्या आदल्या रात्री, पहाटे दोनपर्यंत काठ-पदरांना टाके घालत बसणारी मी. एलन टेरी या जुन्या काळच्या नामवंत इंग्रज नटीचा तो झगा आजवर फक्त चित्रात पाहिला होता.

सेंट पँक्रसहून वेगवान गाडीने ॲशफर्ड पाऊण तासाच्या आत येतं. तिथून टेंटरडेनची बस. त्यापुढची बस वेळापत्रकात होती, रस्त्यावर नव्हती. चाळीस मिनिटं वाट बघून आम्ही पायीच निघालो. अंतर साडेतीनेक किलोमीटर, पण रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणं, चालायला वेगळी वाट नाही. मोटार आली की झुडपात पाठ खुपसून उभं राहायचं. मग सपाट, ओलसर कुरणं आणि मेंढ्या. एके काळी इथपर्यंत बोटी यायच्या, जहाजं बांधली जायची. राजा पाचव्या हेन्रीचं हजार टनी 'जीझस' जहाज इथलंच. आता पाणी म्हणजे एक ओहोळ. त्या माहितीपाशी मी फार रेंगाळले नाही, झगा वाट बघत होता.

घर सोळाव्या शतकातलं, लाकडी चौकटीचं. आत शिरताना मी कपाळ आपटून घेतलं, आणि वरच्या मजल्यावर जमीन इतकी उतरती की बोटीत चालल्यासारखं वाटतं. सांगतात असं, की एलन नट हेन्री आयर्विंगबरोबर घोडागाडीतून फिरायला आली होती. घर बघताच 'इथंच राहायचं आणि इथंच मरायचं' असं तिच्या मनाने घेतलं. पुढे काही वर्षांनी टेंटरडेनचा शिक्का असलेलं एक कार्ड आलं, त्यावर मजकूर एवढाच की घर विकायचं आहे. १८९९ मध्ये तिने ते घेतलं.

तिचा जन्म १८४७ चा, कॉव्हेंट्रीचा. आई-बाप फिरते नट, गावोगाव बिऱ्हाड. नवव्या वर्षी लंडनच्या प्रिन्सेस थिएटरात चार्ल्स कीनच्या नाटक कंपनीत शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मधल्या राजपुत्राचं काम मिळालं. पहिल्या प्रयोगाला खुद्द व्हिक्टोरिया राणी हजर, आणि ही पोर खेळण्यातल्या गाडीला अडखळून रंगमंचावर उताणी पडली! माझ्या अनुभवात असं पडलेलं मूल पुन्हा विंगेतून बाहेर येत नाही. हिने पुढची सत्तर वर्षं काढली.

सतरावं पुरं व्हायच्या आत चित्रकार जी. एफ. वॉट्सशी लग्न झालं. नवरा सेहेचाळीसचा. लग्नातला तपकिरी रेशमी पोशाख होल्मन हंट या चित्रकाराने योजलेला होता. त्याच पोशाखात वॉट्सने काढलेलं तिचं चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. संसार वर्षभरही टिकला नाही. मग वास्तुकार एडवर्ड गॉडविनबरोबर ती लग्नावाचूनच राहिली, खेड्यात, रंगभूमीपासून सहा वर्षं लांब. एडिथ आणि एडवर्ड गॉर्डन क्रेग ही तिची दोन मुलं त्या काळातली. पुढे एडिथने स्वतः नाटकांचे कपडे केले, आणि गॉर्डन क्रेगचं नाव तर नेपथ्य शिकणाऱ्या पोरांना पाठ असतं.

ती परत कशी आली, तो किस्सा मला फार आवडतो. तिच्या छोट्या गाडीचं चाक रस्त्यात निखळलं. तेवढ्यात शिकारीच्या नादात घोड्यावरून कुंपण ओलांडत लेखक चार्ल्स रीड समोर! "रंगभूमीवर परत ये." ही म्हणाली, कधीच नाही. मग घरात येऊन बसलेला जप्तीवाला आठवला आणि म्हणाली, आठवड्याला चाळीस पौंड देणारा कुणी भेटला तर बघू. "ठरलं," रीड म्हणाला. १८७४ साल. वर्षभरात शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधली तिची पोर्शिया गाजली, आणि १८७८ पासून ती आयर्विंगच्या लायसियम थिएटरची नायिका झाली.

तिथल्या पहिल्याच 'हॅम्लेट'ची गोष्ट. हॅम्लेटची प्रेयसी ओफिलिया, तिच्या वेडाच्या प्रवेशाला तिला काळा पोशाख हवा होता. आयर्विंगचे सल्लागार वॉल्टर लेसी हे जुने नट उसळून म्हणाले, बाई, या नाटकात काळं एकच माणूस असतं, हॅम्लेट! तिने निमूट पांढरा घातला. पण लेसीबुवांचं बरोबरच होतं. नायकाचा रंग दुसऱ्याच्या अंगावर गेला की प्रेक्षकाची नजर फाटते.

आता झगा. डिसेंबर १८८८ मध्ये आयर्विंगने 'मॅकबेथ' लावलं. (त्याच वर्षी जूनमध्ये इकडे बालगंधर्व जन्मले.) लेडी मॅकबेथसाठी पोशाख योजणाऱ्या ॲलिस कॉमिन्स कार यांना असं काही हवं होतं, की ते चिलखतासारखं दिसावं आणि सापाच्या खवल्यांसारखंही. कपडे शिवणाऱ्या एडा नेटलशिप यांनी मऊ हिरवं सूत आणि निळी चमकी एकत्र घेऊन अख्खा झगा क्रोशाने विणला. तरी दिव्यांत हवा तसा उठेना, म्हणून त्यावर हिरवे सोनकिडे शिवले. किडे म्हणजे त्यांची पाठीवरची कठीण पंखझाकणं, सुमारे हजार.

आणि हे काम मूळचं आपल्या देशातलं. मलमलीवर सोनकिड्यांच्या पंखांचं भरतकाम हिंदुस्थानातून इंग्लंडला जायचं, तिकडच्या बायका ते मिरवायच्या. मला लहानपणची काडेपेटी आठवली. पावसाळ्यात बाभळीवर सापडलेला सोनकिडा, सोबत चार पानं, आणि कानाशी धरलेली खरखर.

खोलीत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला. काचेमागे तो उभा होता, बाहीचं टोक जवळजवळ जमिनीला. वाकून डावीकडून पाहिलं तर हिरवा, उजवीकडे सरकलं तर निळसर. "आई, काचेला नाक लावू नकोस," लेक म्हणाली. पण नाक लावल्याशिवाय टाका दिसत नाही. प्रत्येक पंखाला बारीक भोक पाडून तो दोऱ्याने धरलेला. हा झगा फिरतीवर अमेरिकेत गेला, पुन्हा पुन्हा उसवून शिवला. २०११ मध्ये ब्रायटनहून दुरुस्त होऊन परत आला, त्याला तेराशेवर तास लागले. गळून पडलेले पंख कुणीतरी जपून ठेवले होते, ते परत बसवले. शंभरेक तडकलेल्या पंखांना मागून जपानी कागदाची चकती, चिकटवायला गव्हाची खळ. खळ! पुस्तकांच्या बांधणीला आमच्या घरी लागायची तीच.

तिथल्या स्वयंसेविका आजीबाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. "शिवता का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि आम्ही दोघी पाच मिनिटं नुसत्या अस्तराबद्दल बोललो.

चित्रकार सार्जंटने १८८९ मध्ये याच झग्यात, डोक्यावर मुकुट उचलून धरलेली एलन रंगवली. नाटकात तसा क्षणच नाही. चित्र झकास आहे, पण त्यात टाके नाहीत. लेखक ऑस्कर वाइल्डचा टोमणा असा, की लेडी मॅकबेथ घरखर्चाला काटकसरी दिसते, स्वतःची खरेदी मात्र बायझँटियममध्ये (म्हणजे जुन्या, ऐश्वर्याच्या इस्तंबूलमध्ये) करते. कपडेपटाच्या बिलावर सही करणाऱ्या आमच्या निर्मात्याची भाषा याहून वेगळी नव्हती.

वर तिची झोपायची खोली. २१ जुलै १९२८ रोजी एक्याऐंशी वर्षांची ती इथेच गेली. तिला 'डेम' किताब मिळाला तोही अवघा तीन वर्षं आधी. माझ्या मागे सुतकी चेहरे आणि काळे कपडे नकोत, असं तिचं सांगणं होतं, म्हणून लोक रंगीत कपड्यांत अंत्यविधीला आले. मी असते तर त्या कपड्यांकडेच बघत बसले असते.

म्हातारपणी ती मूकपटांतही आली. पहिला १९१६ मधला, आणि १९२२ च्या 'द बोहेमियन गर्ल'मध्ये नट आयव्हर नोव्हेलोबरोबर. तोवर डोळे अधू झालेले, संवाद आठवेनासे. मूकपटाला संवाद लागत नाहीत हे खरं, पण जिचं सगळं आवाजात होतं तिला गप्प करून चालवलेलं बघायला मला जीव होत नाही.

आवाज मात्र आहे. १९११ मध्ये न्यूयॉर्कला तिने शेक्सपिअरचे काही उतारे ध्वनिमुद्रित केले. परतीच्या बसची वाट बघताना लेकीने फोनवर पोर्शियाचं दयेवरचं भाषण लावलं. खरखर, खूप खरखर, आणि त्यातून चौसष्ट वर्षांच्या बाईचा आवाज, प्रत्येक शब्द सुटा, कुठेही ओढून आणलेला नाही. आम्ही दोघी एकाच फोनवर कान टेकवून उभ्या. भाषण अर्ध्यावर होतं आणि या खेपेला बस नेमकी वेळेवर आली.