पुण्यात जुनी फ्रेंच गाडी घ्यायची, तर आधी इंजिनाचं गोत्र विचारा

जुन्या फ्रेंच गाडीचं नाव काढलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला: "पार्ट मिळतात का?" त्याचं उत्तर ग्रिलवरच्या चिन्हात सापडत नाही, बॉनेट उघडल्यावर सापडतं. रेनोचं १४६१ सीसीचं 'के९के' डिझेल इंजिन भारतात २००७ साली लोगनमधून आलं, आणि ती लोगन बनत होती आपल्या नाशकात. रेनो-महिंद्राची भागीदारी संपल्यावर तीच गाडी व्हेरिटो नावाने विकली गेली. पुढे हेच इंजिन डस्टर, स्काला, पल्स, फ्लुएन्स, लॉजी आणि निसानच्या सनी, मायक्रा, टेरानोतही बसलं. त्यामुळे नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात 'रेनोचा पार्ट' म्हटल्यावर नकारार्थी मान हलली, तर टेरानो किंवा व्हेरिटोच्या नावाने विचारून बघायचं. मात्र एकाच इंजिनाचे प्रकार बरेच आहेत, म्हणून जुन्या पार्टवरचा नंबर जुळल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

२०१२ नंतरची डिझेल डस्टर हा यातला सगळ्यात शहाणा सौदा. ८५ पीएसची (अश्वशक्तीची) गाडी शहरात चालवायला सोपी आणि दुरुस्तीला स्वस्त. ११० पीएसला सहा गिअर असल्याने ती एक्स्प्रेसवेवर खुलते, पण टर्बो जोर धरेपर्यंत खालच्या आरपीएमला मरगळलेली वाटते. लक्ष्मी रोडच्या गर्दीत हे रोज जाणवेल.

गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेट हाताला गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन सुरू करताच तळातून खोल ठकठक आली आणि ऑइल वर चढेपर्यंत टिकली, तर बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) झिजल्याची दाट शंका. या इंजिनाचं हे जुनं दुखणं आहे. युरोपात ऑइल फार लांबवून बदलण्याची पद्धत होती, तिचे परिणाम तिथे अनेकांनी भोगले. इथे १० हजार किमी किंवा एक वर्ष, यापुढे ताणू नका. ऑइल साधारण साडेचार लिटर बसतं. ५डब्ल्यू-४० सिंथेटिक घ्या. "डिझेलला कुठलंही चालतं" असं सांगणारं गॅरेज बदला.

मग टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात ठेवणारा पट्टा. मालक म्हणेल, "बदललाय." बिल मागा, बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किंमत पाडा. हा बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाचं अख्खं हेड (व्हॉल्व्ह बसलेला वरचा भाग) उतरवावं लागतं. आपल्या धुळीत आणि उन्हात ८० हजार किमी किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते. नुसता बेल्ट बदलून भागत नाही. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वळण देणारा आयडलर आणि वॉटर पंप सोबतच बदला, कारण पंप याच बेल्टवर फिरतो आणि तो पुढच्या वर्षी गळला तर मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्टही त्याच दिवशी नवा घाला. तो जुना होऊन उसवला की त्याचे धागे क्रँक पुलीमागे शिरतात आणि टायमिंग बेल्टला दातांवरून उडी मारायला लावतात. पाचशे-हजाराच्या बेल्टपायी इंजिन गेल्याची उदाहरणं याच इंजिनात भरपूर आहेत. काम करणाऱ्याकडे क्रँक आणि कॅम जागेवर अडकवून ठेवणाऱ्या लॉकिंग पिना आहेत का, हे आधी विचारा. व्हाइटनरच्या खुणा करून बेल्ट चढवणाऱ्याला लांबूनच नमस्कार. १.६ पेट्रोल डस्टरमध्ये तर कॅमच्या पुल्यांना जागी अडवणारी खाचेतली 'की'च नाही, त्या नुसत्या आवळून धरलेल्या असतात. तिथे अंदाजपंचे काम चालतच नाही.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची परीक्षा घरगुती आहे. चौघांच्या, जादा डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, इंजिन दोन मिनिटं चालू ठेवा. एखादी बाटली इतरांपेक्षा भराभर भरली, तर तो इंजेक्टर झिजलेला. नवा बसवला की त्याच्यावर छापलेला कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) भरावाच लागतो, नाहीतर इंजिन खडखडतं आणि धूर सोडतं. इंजेक्टर काढला की खालचा तांब्याचा वॉशर नवाच लावा. जुना लावला की तिथून गॅस फुसफुसतो आणि भोवती डांबरासारखा काळा थर जमतो. तसा थर आधीच दिसला, तर मागे कोणीतरी ही काटकसर केली आहे.

ट्रायल सोसायटीच्या गल्लीत घेऊ नका. एसी लावून दिवे घाट चढा. जोर अचानक गेला, शिट्टी वाजली आणि मागे काळा धूर निघाला, तर बहुधा टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप फाटलाय. तेवढंच असेल तर घाबरू नका, ते स्वस्तातलं काम आहे. क्लच सोडताना गाडी थरथरली, तर फ्लायव्हीलचाही खर्च धरा. परतीच्या खड्ड्यांत सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश आणि स्टॅबिलायझर लिंक आपापली तक्रार स्वतःच ऐकवतील.

फ्लुएन्स डिझेलमध्येही के९केच आहे, पण हेडलाइट आणि बंपर मिळवताना दम निघतो. रेनोच्याच कोलिओसच्या दोन लिटर 'एम९आर' इंजिनाला बेल्टऐवजी चेन आहे, ही जमेची बाजू. बाकी खर्च मोठ्या गाडीचाच.

खऱ्या हौशीसाठी १९९४ मध्ये आलेली, कल्याणला बनलेली प्यूजो ३०९. तिचं टीयूडी५ डिझेल इंजिन झेन डिझेल, एस्टीम डिझेल आणि चिंचवडच्या प्रीमियर रिओतही होतं, त्यामुळे इंजिनाचं काम निभावतं. अडतं ते काचा, रबरं आणि दिव्यांपाशी. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायची तयारी नसेल, तर तिच्या वाट्याला जाऊ नका.

कागदपत्रांत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असल्यास आरसीवरचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र). लोगन बहुतेक पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत, म्हणून आरसीवरची मुदत स्वतः वाचा. नूतनीकरण झालं नसेल तर ते मालकाकडून करून घ्या, पर्यावरण कर आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटीसकट. दिल्लीची डस्टर जुन्या डिझेल गाड्यांवरच्या तिथल्या बंधनांमुळे स्वस्त दिसते, पण एनओसी, नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स मिळवून हिशेब केला की एमएच-१२ किंवा एमएच-१४ चीच गाडी परवडते. आणि दुसरी किल्ली मागून घ्या. तिच्यात चिप असते, कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे ती सहसा होत नाही.