तुम्ही विचारलंत म्हणून: गेम खेळून पोट्ट्यांचं काही भलं होतं का?

नागपुरात मानेवाड्याकडे आठवी ते दहावीच्या गणिताच्या ट्यूशन घेते मी, आणि फी द्यायला आलेल्या आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेलाच असतो, "मॅडम, हा दिवसभर मोबाईलवर गेम खेळून राहिला, यानं डोकं तेज होते म्हणतात, खरं आहे का?" काहींना हो ऐकायचं असतं, बहुतेकांना नाही ऐकायचं असतं, म्हणजे घरी जाऊन सांगता येईल की मॅडमनीच सांगितलं. दारात उभ्या उभ्या याचं उत्तर होत नाही म्हणून इथे नीट लिहिते.

आधी डोक्याचं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर युनिव्हर्सिटीच्या शॉन ग्रीन आणि डॅफ्ने बावेलिए या दोघांचा अभ्यास २००३ मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. गेमची सवय नसलेल्या लोकांना त्यांनी रोज एक तास असे दहा दिवस युद्धाचा गेम खेळायला दिला, दुसऱ्या गटाला टेट्रिस दिला, आणि युद्धवाल्यांचं पडद्यावर एकाच वेळी बऱ्याच गोष्टींवर लक्ष ठेवणं जास्त सुधारलं. २००७ मध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन करणाऱ्या ३३ डॉक्टरांवर एक अभ्यास आला, त्यात आधी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्या डॉक्टरांच्या चुका सरावाच्या कामात ३७ टक्के कमी निघाल्या. म्हणजे नजर, हात, पटकन ठरवणं, यात फायदा दिसतो, हे मी मानते.

पण म्हणून त्याला गणितात मार्क जास्त पडतील का, तर नाही. गेममध्ये जे वापरलं जातं तेच वाढतं, आणि त्याच्या आसपासचं थोडं. हे फक्त मोबाईलचं नाही हं. आपली दिव्या देशमुख २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली तेव्हापासून आपल्या नागपुरात बुद्धिबळाच्या क्लासला नाव घालायला पालक धावून राहिले, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्यातल्या अर्ध्या जणांना वाटतं की त्यानं गणित सुधारेल. इंग्लंडमध्ये १०० शाळांमध्ये हे तपासून झालंय, निम्म्या शाळांत पोरांना वर्षभर बुद्धिबळ शिकवलं आणि वर्षभरानं गणिताची परीक्षा घेतली, २०१६ मध्ये निकाल आला, काहीच फरक नाही. बुद्धिबळ खेळल्यानं बुद्धिबळ येतं, ते सुंदर आहे, तेवढं पुरे आहे ना. आणि 'मेंदू तेज करा' म्हणून पैसे घेणारी जी अ‍ॅप आहेत त्यांच्यापासून तर लांबच राहा, त्यातल्या ल्युमॉसिटी नावाच्या मोठ्या कंपनीला २०१६ मध्येच अमेरिकेत खोट्या दाव्यांसाठी २० लाख डॉलर भरावे लागले होते.

मग गणिताला गेमचा उपयोगच नाही का? आहे, पण गणित त्या गेमच्या आत असेल तर. माझ्याकडची नववीतली एक मुलगी माइनक्राफ्टमध्ये दीक्षाभूमीचा स्तूप बांधून राहिली होती. त्या गेममध्ये सगळं चौकोनी ठोकळ्यांचं, एक ठोकळा म्हणजे एक मीटर, आणि बांधायचा गोल घुमट. घुमट साधारण १२० फूट व्यासाचा, म्हणजे साडेछत्तीस मीटर, तिनं ३७ ठोकळे धरले कारण विषम आकडा घेतला की मधोमध एक ठोकळा मिळतो, हे तिचं तिनंच शोधलं. पण वरचे थर अंदाजानं लहान करत गेली तर घुमट टोकदार होऊन राहिला, मग वही घेऊन माझ्याकडे आली. मी पायथागोरस काढून दाखवला, त्रिज्या १८, उंची १०, तर ३२४ मधून १०० गेले, उरले २२४, वर्गमूळ जवळजवळ १५, म्हणजे दहाव्या थराची त्रिज्या १५ ठोकळे. बाकीचे सगळे थर तिनं घरी जाऊन काढले. पायथागोरस मी तिला त्याआधी शिकवलेलाच होता, तेव्हा तिनं पाठ केला होता, या वेळी तिला तो हवा होता. हा फायदा मी डोळ्यांनी पाहिलाय आणि कोणी कितीही नाही म्हटलं तरी मी तो सोडणार नाही.

आता लोकांमध्ये मिसळण्याचं. इथे पालक सगळ्यात जास्त घाबरतात, पोरगा एकलकोंडा होईल म्हणून, आणि मला वाटतं इथेच गेमचा फायदा सगळ्यात जास्त आहे. आठवीतला एक मुलगा आहे, वर्गात नाव घेऊन विचारलं तरी मान खाली. क्लास सुरू व्हायच्या आधी तो जिन्यात बसून बीजीएमआय खेळतो, म्हणजे मोबाईलवरचा टीम करून लढायचा गेम, चौघांची टीम, एक मित्र तर वडिलांची बदली होऊन पुण्याला गेलेला. एकदा मी वरच्या पायरीवर उभी राहून ऐकलं, "थांब बे, पुढे नको जाऊ, डावीकडच्या घरात दोघं आहेत, मी स्मोक टाकतो मग तू याला रिव्हाइव दे, झोन लहान होऊन राहिला, घाई नको करू." स्मोक म्हणजे लपायला धूर, रिव्हाइव म्हणजे पडलेल्याला परत उठवणं, झोन म्हणजे खेळायची हद्द. आवाज एकदम शांत. कोण घाबरलंय, कोणाकडे गोळ्या संपल्यात, सगळं त्याच्या ध्यानात. नंतर मी क्लासमध्ये चौघांचा गट करून अवघड उदाहरणं त्याच्या हाती दिली तर त्यानं कामं बरोबर वाटली, बोललाही. मात्र सगळ्या वर्गासमोर फळ्यापाशी तो अजून गप्पच असतो. चौघांमधलं बोलणं चौघांमध्ये आलं, तेवढंच आलं, पण आलं. आणि मे महिन्यात ४५ डिग्रीच्या उन्हात दुपारी याला खेळायला पाठवणार तरी कुठं, पुण्यातल्या मित्राशी दुसरं कशानं बोलेल तो?

"पण तास किती?" हे लगेच विचारतात. ऑक्सफर्डच्या लोकांनी २०२२ मध्ये जवळजवळ ३९ हजार खेळणाऱ्यांचे तास थेट गेम कंपन्यांकडून घेऊन पाहिले, तर तास वाढल्या-कमी झाल्यानं मन बरं-वाईट होण्यात जवळजवळ फरक नव्हता, खेळावंसं वाटतं म्हणून खेळतो की खेळल्याशिवाय राहवत नाही म्हणून, याचा संबंध मात्र दिसला. जागतिक आरोग्य संघटनेनंही गेमिंगचा आजार ठरवताना तास मोजलेले नाहीत. थांबता न येणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर, असं असेल तर तो आजार, मग माझ्याकडे नाही, डॉक्टरकडे जा, लाजू नका. पैसे लावायचे गेम तर वेगळीच गोष्ट, २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यावर बंदीचा कायदा झाला ते फार चांगलं झालं. झोप आणि जेवण यात मी स्वतः काही सूट देत नाही, रात्री एकपर्यंत खेळलेलं पोट्टं सकाळच्या बॅचला आलं की ते डोळ्यांवरूनच कळतं.

आणि माइकवर कोण आहे ते बघा. शाळेतले मित्र असतील तर काळजी करू नका, अनोळखी मोठी माणसं असतील, शिव्या चालल्या असतील, तर बंद करायला सांगा, आणि का ते समजावून सांगा.

अजून एक, हे मी प्रत्येक आईला सांगते. चालू गेममध्ये वायफाय बंद करू नका हो. बीजीएमआयमध्ये मोठ्या मॅपची एक मॅच साधारण अर्ध्या तासाची असते, मधेच गेला तर बाकीचे तिघं अडकतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तेच त्याला ऐकवतात. "ही मॅच संपली की जेवायला ये" म्हणा, आणि वेळ असेल तर शेजारी बसून विचारा की आता काय चाललंय, तू तिकडे काहून नाही गेला. सांगतात पोट्टे, भरभरून सांगतात.