पद्मिनी घ्यायची तर चालती

शनिवार, रात्री

इसार दिला. घरात सांगून झालं, आता इथं लिहायला हरकत नाही. प्रीमियर पद्मिनी, १९७५ ची, दुधी रंगाची, दारव्हा तालुक्यातल्या एका डॉक्टरकाकांची. नंबर अजून जुना, तीन अक्षरांचा. आमच्या गावात तिला कोणी पद्मिनी म्हणणार नाही, फियाटच म्हणतील. ते चूकही नाही. मूळ फियाट ११०० चीच ही गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यात परवान्यावर बनायची. पद्मिनी हे नाव १९७४ ला लागलं आणि २००० च्या आसपास बंद होईपर्यंत अंगकाठी फारशी बदलली नाही. माझ्यासारख्या नवशिक्याला याचाच आधार. बरेच सुटे भाग इकडचे तिकडे बसतात, आणि जुन्या मिस्त्र्यांचे हात हिच्यावर बसलेले आहेत.

शौक म्हणून जुनी गाडी घ्यायची तर पडीक स्वस्तात उचलावी आणि हळूहळू उभी करावी, असं सगळे सांगत होते. ऐकायला गोड. पण ज्याला टॅपेट म्हणजे काय हे गेल्या वर्षी कळलं, त्यानं त्या फंदात पडू नये. डेंटिंग-पेंटिंगलाच गाडीच्या किमतीइतका पैसा जातो, आणि कापसाचे चुकारे हातात आले की आमच्याकडे पहिला नंबर कृषी केंद्राच्या उधारीचा. म्हणून मी महाग पण धड गाडी शोधत होतो.

धड कशाला म्हणायचं, ते अमरावतीला पाहिलेल्या गाडीवरून कळलं. लालभडक रंग, चकचकीत क्रोम, कोरी सीट कव्हरं. मालक म्हणाला, वर्षानुवर्षं झाकून ठेवली, पावसाचा थेंब लागू दिला नाही. सोबत नेलेल्या मिस्त्रीनं बॉनेटवर हात ठेवला. गरम! थंड इंजिन कसं उठतं ते आम्हाला दिसू नये म्हणून आधीच चालू करून ठेवलेली. मग त्यानं खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि दाराखालच्या पट्टीवरून फिरवलं. निम्म्या ठिकाणी चिकटेना. पत्रा कुठला, नुसती पुट्टी. परतताना म्हणाला, "भाऊ, बैल घेताना शिंगाचा रंग पाह्यते का कोनी? चालवून पाह्यते."

डॉक्टरकाकांची गाडी दिसायला साधी. मागच्या मडगार्डला पोचा, डॅशबोर्ड उन्हानं तडकलेला. आपल्याकडची कोरडी हवा पत्र्याला मानवते, रबर आणि प्लास्टिक मात्र खाऊन टाकते. काका दर बुधवारी हिच्यातूनच बाजाराला जायचे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पुतण्याला चालवायला लावून शेजारी बसू लागले, पण बुधवार चुकवला नाही. उभी राहिली की गाडी मरते, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे. उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, बुजतात, ब्रेकचे सिलिंडर अडकतात, बॅटरी बसते, आणि खेड्यात उंदीर वायरिंग कुरतडतात ते वेगळंच. शेजारच्या खोलीत कापूस भरलेला असला तर सीटमध्ये पिल्लंसुद्धा सापडतील.

आम्ही मुद्दाम सकाळी लवकर गेलो. इंजिन थंड. काकांनी स्वतः चोक ओढला, सेल्फ मारला, गाडी उठली. मिस्त्री सायलेन्सरमागे उकिडवा बसून होता. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा निघतच राहिला तर हेड गॅस्केटमधून पाणी आत येतंय, एवढं मी पाठ करून गेलो होतो. निळसर थोडा आला आणि लगेच थांबला. "रिंगा बऱ्या हायेत," मिस्त्री म्हणाला. पिस्टनच्या रिंगा. मग पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हात धरून हलवलं. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनला खेळ जवळजवळ नाहीच. तो खाली शिरला, बराच वेळ आला नाही, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "ग्रीस भराचे निपल पुसलेले हायेत, ग्रीस ताजं हाये. हे दाखवाले नाई करत कोनी."

माझा सौदा तिथंच झाला. भाव अजून ठरायचा होता, पण मी मनातून केव्हाच घासाघीस सोडली होती. काकू दारातून बोलल्या, "यायनं पोरायच्या शाळेची फी विसरली, पन गाडीचं ऑइल नाई विसरलं जी." हे कौतुक की तक्रार, कोण जाणे.

रविवार

कागद पाहिले. आरसी पहिल्यापासून काकांच्याच नावावर. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, आकडा जुळला. इंजिनाचाही. पुतण्याचं म्हणणं, ५० वर्षं झाली, आता विंटेजमध्ये टाका. २०२१ च्या नियमानं तसं करता येतं: मूळ रूपातली, ५० वर्षांहून जुनी गाडी, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नव्यानं नोंदलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं, मुदत १० वर्षं. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर. मग बुधवारच्या बाजाराचं काय? जी गाडी चालत राहिली म्हणून घेतली, तिला उभी करायला मी पैसे कशाला भरू? साधीच नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवत राहीन.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला सोसत नाही. त्यामुळे पेट्रोलचे पाइप आणि पंपातला रबरी पडदा, म्हणजे डायाफ्राम, आधी बदलायचा, असं मिस्त्रीनं बजावलंय. मे महिन्यात पंप तापून नळीत वाफ धरली आणि गाडी रस्त्यात थांबली, तर पंपावर ओलं फडकं ठेवून जरा वेळ बसायचं, ही काकांची भर.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या मंगळवारी. बायकोचा प्रश्न एकच आहे: टिनाच्या शेडमध्ये जागा एक, मग ट्रॅक्टर कुठे? ट्रॅक्टर बाहेर काढला तर धाकटा भाऊ बोलेल. बोलू दे.